कोल्हापुरात बसून शिडाचं लाकडी जहाज: किट न मागवता कुठवर जमेल?

रंकाळा_बंदर
मंडळी, विषय जरा वेगळा आहे. शिडाच्या ऐतिहासिक जहाजाचं लाकडी मॉडेल बांधायचं ठरवलंय, 1:64 मापात. जहाज ठरलंय: ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं फ्रिगेट, म्हणजे शिडाची तोफांची युद्धनौका, 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलेलं, आज इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. अख्खं सागवानाचं, म्हणून मॉडेलही सागवानाचंच करायचा विचार आहे.

परदेशी किट, म्हणजे तयार कापलेल्या भागांचा संच, घ्यायचं नाही. बल्कहेडवर, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या छेदांवर, फळ्या मारायची पद्धत वापरणार. प्रश्न एवढाच: लाकूड, दोर, पितळ, हत्यारं यातलं काय काय कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात मिळतं आणि काय बाहेरूनच आणावं लागतं? माहीतगारांनी बारीकसारीक तपशिलासकट लिहावं.

तिखट_मीठ
कोल्हापूरला समुद्र नाही, पण पुराच्या वेळी जहाज कामाला येईल. 1:1 मापात करा की!

सुतारपक्षी
धागा चांगला, पण दोन गोष्टींत तुम्ही हात पोळून घेणार.

पहिली, आकार. त्या वर्गाच्या फ्रिगेटचा तोफांचा डेक 150 फुटांचा. 1:64 ला तो 71 सेंटिमीटर होतो आणि बाऊस्प्रिट, म्हणजे पुढं आलेली तिरपी काठी, धरून मॉडेल मीटरभराच्या वर जातं. रुंदी 40 फूट, म्हणजे 19 सेंटिमीटर, पण परबाणं, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, त्याच्या कितीतरी बाहेर जातात. काचपेटी कुठं ठेवणार ते आधी ठरवा. जिन्याच्या वळणावरून ती जाते का, तेही बघा.

दुसरी, सागवान. मूळ जहाज सागवानाचं, हे कारण मॉडेलला लागू होत नाही. लाकूड 64 पट लहान होतं, त्याचे रेषे आणि छिद्रं होत नाहीत. सागाच्या फळीवर उघडी छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. मापात धरली तर त्या प्रत्येक छिद्रात खलाशाचं बोट जाईल! शिवाय साग तेलकट. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसला नाही तर फळी महिन्याभरानं टोकाकडून सुटते.

त्याऐवजी हेदू घ्या. काही जण हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं, पूर्वी कंगवे आणि गिरणीतल्या बॉबिनी करायचे ते. परदेशी मंडळी बॉक्सवूड वापरतात त्याच्या अगदी जवळचं. टिंबर मार्केटमध्ये नवा लठ्ठा मागू नका, जुन्या वाड्याच्या पाडकामातलं तुकडाभर शोधा. तेवढं वाळलेलं लाकूड नव्यात मिळत नाही. आतल्या भरावाला शिवणीचं लाकूड, हलकं आणि पॉलिश पेपरला लगेच वळणारं. बाहेरच्या जाड काळ्या पट्ट्यांना शिसव, पण घासताना मास्क लावा, त्याची धूळ घशाला आणि कातडीला बाधते.

खारेवारे
@तिखट_मीठ, समुद्र नाही हे आजचं झालं. सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरच्या गादीकडे होतं, 1812 च्या तहात ते इंग्रजांकडे गेलं. तोवर कोल्हापूरची गलबतं समुद्रात होती.

म्हणून मला कळत नाही की पहिलं मॉडेल ट्रिंकोमालीचंच का? आपली गुराब करा, मराठी आरमारातली युद्धनौका. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकारानं तिचं वर्णन केलंय: दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टन, नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि पुढं झुकलेली, आणि तिच्यावरून सरळ पुढं मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. पाठलागाला याहून सोयीचं काय? मॉडेल म्हणून दिसायलाही ते वेगळं.

निवृत्त_फूटपट्टी
@खारेवारे, भावना पोचली, पण वर्णन म्हणजे आराखडा नव्हे. ऑर्म टन सांगतो, तोफा सांगतो. छेदरेषा सांगत नाही. पाण्याखालचा आकार कुठून आणणार? तो कोकणातल्या आजच्या होड्यांवरून बेतावा लागेल. करा, पण पाटीवर ‘कल्पनेनं केलेली रचना’ असं स्वच्छ लिहा.

ट्रिंकोमालीचं तसं नाही. ती ज्या वर्गातली, त्या लेडा वर्गाचे आराखडे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. आणि गंमत म्हणजे मुंबईला निघालेला आराखड्यांचा पहिला संचही समुद्रातच गेला. ते नेणारं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं निकामी केलं. मग दुसरा संच पाठवावा लागला. त्यामुळे आराखडा मागवायला वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नका.

खारेवारे
मान्य. पाटी लिहू. पण मग शब्द तरी आपले वापरा. कीलला, म्हणजे तळाच्या कण्याला, पठाण म्हणतात, बो म्हणजे नाळ, स्टर्न, म्हणजे मागचा भाग, ती वरामी. धागा मराठी आहे आणि सगळे ‘बल्कहेड, बाऊस्प्रिट’ करताय.

तिखट_मीठ
पठाण वाकडा झाला तर काय करायचं? मला वाटलं सिनेमाचा धागा आहे.

सुतारपक्षी
विनोद बाजूला, पठाण वाकडा होणं हीच नवख्यांची पहिली चूक. नेहमीचा 4 मिलिमीटरचा प्लाय आणला, करवतला, उभा ठेवला, आठवड्यात केळं झालं. स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, दोन्हीकडचे थर सारख्या जाडीचे नसतात. बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, घ्या आणि दुकानातच कडेनं डोळा लावून बघा. घरी आणून दोन आठवडे काचेवर आडवा, वर वजन ठेवून मुरू द्या. बल्कहेड लावताना पठाण दोन अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलमध्ये बोल्टनं धरून ठेवा, आणि फळ्या मारून होईतो काढू नका.

फळ्या एकाच बाजूच्या सगळ्या मारायच्या नाहीत. डावीकडे एक, उजवीकडे एक. एक बाजू पूर्ण केली की गोंद वाळताना ती बाजू आखडते आणि नाळेकडून बघितलं की जहाज कूस बदलल्यासारखं दिसतं. तिथं पोचलं की मागं येता येत नाही.

उद्यमनगरी
भावांनो, पट्ट्या कापायचं कुणी काढंना झालंय. खरं काम तिथंच हाय.

0.6 मिलिमीटरची फळी आणि 0.8 मिलिमीटरचं पातं, म्हणजे निम्म्याहून जास्त लाकूड भुसा. 25 मिलिमीटरच्या ठोकळ्यातनं सतरा पट्ट्या निघत्यात, बस. सुताराच्या टेबल सॉचं दातेरी पातं इथं चालत नाही, पट्टी खाली ओढून तुकडं करतंय. 100 मिलिमीटर व्यासाचं एचएसएस (हायस्पीड स्टील) स्लिटिंग कटर, म्हणजे पातळ गोल पातं घ्या, लेथवाल्याकडनं त्याला आर्बर, म्हणजे ते धरायचा दांडा करून घ्या, अन् टेबलाच्या फटीवर नवी पट्टी बसवा, कटरच्याच जाडीची फट पाडून. फट रुंद ऱ्हायली की बारीक पट्टी खाली गेलीच म्हणून समजा.

फळ्यांच्या वरनं दिसणाऱ्या दुसऱ्या थराला मात्र करवत नकोच. प्लायवाल्याकडं 0.5 मिलिमीटरचं विनियर, लाकडाचा पातळ ताव, मिळतंय. मागनं मास्किंग टेप चिकटवायची, स्टीलची पट्टी धरून कटरनं तीन हलके हात मारायचे. एका दणक्यात कापलं की रेषा धरून चिरतंय.

लेसरवाल्यांकडनं बल्कहेड कापून आणणार असाल तर फाइलमध्ये किरणाच्या जाडीचा हिशोब धरा, नाहीतर खाचा सैल येत्यात. अन् कडेची काजळी घासून काढल्याबिगर गोंद लावू नका. जळक्या लाकडाला गोंद धरत नाही.

इचलकरंजीची_कांडी
दोर माझ्याकडे सोपवा. यात सगळ्यात मोठी चूक लाकडाची नसते, समजुतीची असते. जुन्या तक्त्यात ‘9 इंची दोर’ लिहिलं असेल तर तो घेर आहे, व्यास नाही. 9 इंच घेर म्हणजे 73 मिलिमीटर व्यास, 1:64 ला 1.1 मिलिमीटर. घेरालाच व्यास समजून जे करतात त्यांच्या मॉडेलवर साडेतीन मिलिमीटरचे सोल लोंबकळतात.

दुसरं, वळ. दोर उभा धरा. पदराची तिरपी रेघ खालून वर उजवीकडे चढत असेल तर उजवा वळ, डावीकडे चढत असेल तर डावा. जहाजावरचे बहुतेक दोर उजव्या वळाचे. नांगराचा जाड दोर मात्र तीन उजवे दोर एकत्र पिळून केलेला, म्हणून डावा. दोर नेहमी आपल्या पदरांच्या उलट वळतो. शिलाईचा दोरा उजव्या वळाचा असतो, त्याचे तीन पदर पिळले तर डावाच दोर निघणार. जबरदस्तीनं उजवा पिळायला गेलं की पदर उकलतात आणि दोर पोचट, केसाळ होतो. त्यासाठी मागावरचं दुपदरी सूत बघा, त्याचा वळ बहुधा डावा असतो. दुकानात मागताना ‘गॅस केलेलं, मर्सराइज्ड’ असं सांगा. त्यावरचे तंतू आधीच जाळलेले असतात. साधं सूत असेल तर गॅसच्या ज्योतीवरून ताणून झरकन ओढा, पण आधी सुती आहे याची खात्री करा. पॉलिस्टर असेल तर गोळा होऊन बसेल.

पिळताना लांबी साधारण चौथ्या हिश्शानं कमी होते, तेवढं सूत जास्त धरा. पिळून झाल्यावर लगेच सोडू नका, रात्रभर ताणावर ठेवा.

रंकाळा_बंदर
@इचलकरंजीची_कांडी, नांगराच्या दोराची जाडी कशी काढायची?

इचलकरंजीची_कांडी
जुना ठोकताळा आहे: जहाजाच्या रुंदीच्या दर फुटामागे अर्धा इंच घेर. तुमची रुंदी 40 फूट, म्हणजे 20 इंच घेर, व्यास 162 मिलिमीटर, मॉडेलवर अडीच मिलिमीटर. बघितल्यावर जाड वाटेल, पण बरोबर आहे.

गुजरीतली_जंत्री
फळ्यांच्या खिळ्यांबद्दल कोणी बोललं नाही. त्या काळी बऱ्याच फळ्या लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या असायच्या, साधारण सव्वा ते दीड इंच जाडीच्या. 1:64 ला 0.5 ते 0.6 मिलिमीटर. बाजारात मिळत नाहीत, करायच्या असतात, आणि त्याचं हत्यार गुजरीत सोनारांच्या दुकानी टांगलेलं आहे. तार ओढायची जंत्री.

बांबूचं एक पेर घ्या, गाठ टाकून द्या. वरची चकचकीत साल तासा, तिच्या लगतचा घट्ट भाग तेवढा वापरा, आतला भुसभुशीत नको. चाकूनं चिरत चिरत सव्वा मिलिमीटरच्या काड्या करा. करवतीनं कापायच्या नाहीत, चिरायच्या, म्हणजे रेषा अखंड राहते. टोक निमुळतं करून जंत्रीत घाला, पण उलट्या बाजूनं. तार रुंद तोंडाकडून आत जाते, कारण तिला दाबून बारीक करायचं असतं. बांबूला दाबायचं नाही, सोलायचं आहे, म्हणून तो अरुंद तोंडाकडून घालायचा. भोकाची धारदार कड बाहेरचा थर सोलत जाते. एक भोक सोडून पुढच्याला उडी मारली की काडी तुटते, पक्कड एका दमात ओढली नाही तरी तुटते. निम्म्या वाया जातील असं धरूनच बसा.

हत्यारांचं म्हणाल तर पिअर्सिंगची पाती, बारीक कानशी, चिमटे, पिन व्हाइस, सगळं त्याच गल्लीत. मॉडेलची म्हणून विकली जाणारी हत्यारं यापेक्षा बरी नसतात.

एक इशारा. चांदी काळी करायला जे गंधकाचं रसायन सोनार वापरतात, ते पितळेवर नीट चालत नाही, डाग डाग पडतात. जे काळं करायचंय, कड्या, पट्ट्या, ते तांब्याच्या तारेचं करा. आधी अ‍ॅसिटोननं तेल काढा, मग बोट लावायचं नाही. आणि ते रसायन आम्लाजवळ ठेवू नका, विषारी वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा, वासानं शेजारी भांडायला येतील.

उद्यमनगरी
तोफांचं सांगायचं ऱ्हायलं. पितळी रॉडमधनं लेथवर एकसारख्या काढून मिळतील, पण ड्रॉइंग नीट द्या. 9 फुटी तोफ 1:64 ला 43 मिलिमीटर. टर्नरला ‘तोफ’ म्हणून सांगितलं तर तो रंकाळ्यावरच्या खेळण्यातली करून देईल.

तिखट_मीठ
ती उडते का?

सुतारपक्षी
फळ्यांच्या रुंदीचा हिशोब लिहून ठेवतो, इथं सगळे अंदाजानं मारतात.

मधल्या बल्कहेडवर, जाड पट्टीच्या खालपासून पठाणापर्यंत कागदाची पट्टी चिकटवून लांबी मोजा. समजा 132 मिलिमीटर आली. खरी फळी 11 इंच रुंद धरली तर मॉडेलवर 4.4 मिलिमीटर. म्हणजे 30 ओळी. आता नाळेजवळ तीच लांबी मोजा. समजा 60 आली. 30 नं भागलं की 2 मिलिमीटर. नियम असा की फळी मूळ रुंदीच्या निम्म्याखाली, म्हणजे 2.2 च्या खाली निमुळती करायची नाही. ती दिसायला टोचते आणि खऱ्या जहाजात तिथं खिळा बसला नसता. 60 भागिले 2.2 म्हणजे 27. तीन ओळी आधीच कुठं तरी शेजारच्या फळीत मुरवून संपवाव्या लागतील. वरामीकडे उलट होतं, तिथं जागा जास्त, म्हणून पाचरीसारख्या जादा फळ्या घालाव्या लागतात.

पठाणालगतची पहिली फळी नाळेवर वर चढू द्यायची नाही. बहुतेकांचं तिथंच फसतं. ती दोन बल्कहेड वर चढली की पुढच्या सगळ्या फळ्यांना कडेवर वाकावं लागतं. पट्टी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, मग साच्यावर धरून हेअर ड्रायर. कोरड्या पट्टीला जोर लावला की ती कडेवर वाकत नाही, उलटते आणि एक कड उचलली जाते.

आणि फळी मारण्याआधी प्रत्येक बल्कहेडची कड तिरकी घासायची. लांब लवचिक पट्टी टेकवून बघा. ती प्रत्येक कडेवर पूर्ण बसली पाहिजे, फक्त टोकावर नव्हे. नाळेचे पहिले दोन गाळे शिवणीच्या ठोकळ्यांनी भरून घ्या.

निवृत्त_फूटपट्टी
+१. गोंदाबद्दल जोडतो. झटपट चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद बाहेरच्या थराला लावू नका. लाकडात शिरतो, वर पॉलिश धरत नाही, पिवळट डाग राहतो. साधा पांढरा फेविकॉल फळीला आणि अंगाला पातळ लावून पूर्ण वाळू द्या, मग फळी बसवून बारीक टोकाच्या इस्त्रीनं दाबा. गोंद उष्णतेनं परत मऊ होऊन धरतो. चिमटे लावायची कटकट वाचते.

पॉलिश चपडीचंच, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचंच करा, पण जून ते सप्टेंबर नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, आपल्या पावसातली ओल त्यावर बसते आणि पांढरट धुरकट थर येतो. लोक समजतात चपडी खराब निघाली.

रंकाळा_बंदर
शिडं लावायची की नुसत्या डोलकाठ्या ठेवायच्या?

इचलकरंजीची_कांडी
पहिल्या जहाजाला नकोत. लावायचीच असतील तर गुंडाळलेली. मात्र पूर्ण मापाचं कापड गुंडाळू नका, उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच घ्या, नाहीतर परबाणावर गादी बांधल्यासारखी दिसते. शिडाच्या पट्ट्या दोन फूट रुंद असायच्या, मॉडेलवर साडेनऊ मिलिमीटर. त्यावर शिलाई मारू नका, पेन्सिलची रेघ पुरे. आणि चहात रंगवायचा सल्ला कुणी देईलच...

तिखट_मीठ
कोरा की दुधाचा?

इचलकरंजीची_कांडी
कुठलाच नाही. चहात आम्ल असतं, सुती कापड काही वर्षांत ठिसूळ होतं. पातळ अ‍ॅक्रिलिक रंग.

दोरशिडीच्या आडव्या पायऱ्यांचंही सांगते. खऱ्या जहाजात 13 ते 15 इंचांवर, म्हणजे मॉडेलवर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. मागे रेघा मारलेला कागद धरा. गाठी ओढून घट्ट करू नका. तळापासून वर जाता जाता उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीला डमरूचा आकार येतो.

गुजरीतली_जंत्री
डोलकाठीला बाजारातला गोल दांडा घेऊ नका, रेषा तिरकी असते, पावसाळ्यात वाकतो. लाकूड चिरून सरळ रेषेचा चौकोनी तुकडा काढा. आधी चौकोनाचा निमुळता करा. मग प्रत्येक बाजूवर 7:10:7 अशा प्रमाणात दोन रेघा मारून कोपरे तासा, अष्टकोन बरोबर येतो. गोल शेवटी करा.

सुतारपक्षी
@रंकाळा_बंदर, मूळ प्रश्नावर येतो. तुमच्या पट्ट्यात सगळा माल आहे. बाहेरून फक्त आराखडा येईल, आणि तळाला तांब्याचे पत्रे लावणार असाल तर पातळ चिकट तांबेपट्टी. पत्रा 4 फूट बाय 14 इंच होता, मॉडेलवर 19 बाय साडेपाच मिलिमीटर. मागच्या पत्र्यावर पुढच्याची कड चढली पाहिजे, म्हणजे पाणी कडेखाली घुसत नाही. उलटं लावलेलं जाणकाराला लगेच दिसतं.

तरी माझं म्हणणं तेच. आधी फ्रिगेटची लाँगबोट, म्हणजे जहाजावरची मोठी होडी, करा. 26 फुटी, 1:24 ला 33 सेंटिमीटर. फळ्यांचा सगळा हिशोब तिच्यात येतो. बिघडलीच तर विनियरचा एक ताव गेला, दोन वर्षं नाही.

रंकाळा_बंदर
ठरलं. आधी लाँगबोट, हेदूची. गुजरीतून जंत्री, उद्यमनगरातून आर्बर, इचलकरंजीतून गॅस केलेलं सूत. चपडी दिवाळीनंतर. साग रद्द.

@खारेवारे, लाँगबोटीच्या पठाणाला पठाणच म्हणेन.

खारेवारे
मग गुराबीची बारी कधी?

निवृत्त_फूटपट्टी
एक राहिलं. काचपेटीचा तळ एमडीएफचा करू नका. त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि शिशाचे नांगर-बिंगर लावले असतील तर त्यांची बंद पेटीत पांढरी पूड होते. पेटीच्या मागच्या बाजूला खाली-वर दोन बारीक भोकं ठेवा, आतून जाळी लावून.

तिखट_मीठ
जाळी कशाला? उंदीर जहाज सोडून बाहेर पडतील म्हणून?

उद्यमनगरी
झुरळ, भावा. मेण लावलेला दोर खात्यात ती.